शिवाजी पार्क: घराची किंमत कोटींत, मग तिथे मध्यमवर्गीय राहतात तरी कसे?

दादरच्या शिवाजी पार्क मैदानाभोवती फेरी मारताना एकाच फुटपाथवर दोन इमारती दिसतात. एक तीन मजल्यांची, गोलाकार बाल्कन्यांची, लिफ्ट नसलेली. तिथल्या एखाद्या जुन्या भाडेकरूचं भाडं आजही महिन्याला काही शे रुपये असू शकतं. तिच्या शेजारी नवा टॉवर. तिथलं दोन बेडरूमचं घर काही कोटींचं.

या दोन्ही इमारतींतली माणसं एकाच वाण्याकडून किराणा भरतात आणि संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसतात. मग किमतीत एवढा फरक कसा? आणि ज्यांचा पगार किंवा पेन्शन मध्यमवर्गीय आहे, ती कुटुंबं मुंबईतल्या इतक्या महागड्या भागात टिकली कशी?

आधी नवीन घराचं गणित

इथले दर इमारत, मजला आणि समोर मैदान किंवा समुद्र दिसतो का, यानुसार खूप बदलतात. त्यामुळे फक्त हिशेबापुरता कार्पेट एरियाचा दर चौरस फुटाला 60 हजार रुपये धरू.

800 चौरस फुटांचं घर झालं 4 कोटी 80 लाखांचं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 75 लाखांपेक्षा मोठ्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 75 टक्के रक्कम देऊ शकते. म्हणजे कर्ज 3 कोटी 60 लाख आणि स्वतःचे 1 कोटी 20 लाख. त्यावर 6 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 28 लाख 80 हजार. नोंदणी शुल्क 30 हजार. इमारतीचं बांधकाम सुरू असेल तर 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 24 लाख. सगळं मिळून खिशातून पावणेदोन कोटींच्या आसपास रक्कम जाते, तीही फर्निचर आणि पार्किंग न धरता.

आता हप्ता. व्याजदर साडेआठ टक्के आणि मुदत 20 वर्षं धरली, तर महिन्याचा ईएमआय येतो साधारण 3 लाख 12 हजार रुपये. हप्ता पगाराच्या निम्म्याच्या आत ठेवायचा तर घरात महिन्याला सव्वासहा लाख रुपये यायला हवेत.

हेच घर भाड्यानं घेतलं तर? मुंबईत वर्षाचं भाडं साधारणपणे घराच्या किमतीच्या दोन ते तीन टक्के असतं. त्या हिशेबानं महिन्याला 80 हजार ते 1 लाख 20 हजार रुपये. हप्त्याच्या निम्म्याहूनही कमी. तरीही नोकरदार कुटुंबासाठी ही रक्कम लहान नाही.

मग जुनी कुटुंबं इथे कशी?

याचं उत्तर जुन्या कायद्यात आहे.

हे मैदान 1925 मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव होतं माहीम पार्क. 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानं त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. पुढच्या दोन दशकांत मैदानाभोवती आर्ट डेको शैलीतल्या इमारती उभ्या राहिल्या. शिक्षक, वकील, डॉक्टर, बँकेतले आणि सरकारी नोकर तिथे भाड्यानं राहायला आले.

1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी 1940 च्या पातळीच्या आसपास बांधून ठेवली. नंतर आलेल्या 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं घरमालकाला वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पण मूळ भाडंच इतकं कमी होतं की वाढूनही ते किरकोळच राहिलं.

इथेच पागडीची पद्धत रुजली. भाडेकरू सुरुवातीला मोठी रक्कम मोजतो, मग नाममात्र भाडं भरतो. घर सोडताना तो हक्क दुसऱ्याला विकता येतो आणि त्यातला वाटा घरमालकाला जातो. भाडेकरूच्या पश्चात, त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क मिळू शकतो. त्यामुळे आजोबांनी घेतलेल्या घरात नातू राहतो.

थोडक्यात, अनेक जुन्या कुटुंबांनी शिवाजी पार्कातलं घर आजच्या भावानं कधी विकत घेतलेलंच नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे. भाडं इतकं कमी की घरमालकाला दुरुस्ती परवडत नाही. गिलावा पडतो, गच्ची गळते, पाण्याच्या पाइपना गंज चढतो. चौथ्या पिढीपर्यंत पोहोचलेली इमारत मग एकच वाट बघते, पुनर्विकासाची.

पुनर्विकासात काय मिळतं?

शहर भागातल्या 30 सप्टेंबर 1969 पूर्वीच्या अनेक भाडेकरू इमारती 'उपकरप्राप्त' आहेत, म्हणजे त्यांच्याकडून दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो. त्यांचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(7) या नियमाखाली होतो. त्यासाठी 51 टक्के भाडेकरूंची संमती लागते. निवासी भाडेकरूला किमान 300 चौरस फूट कार्पेटचं घर मोफत आणि मालकी हक्कानं मिळतं. आधीचं घर मोठं असेल तर तेवढं क्षेत्रफळ मिळतं, पण मोफत क्षेत्रफळाला कमाल मर्यादा आहे.

ज्या इमारतींची स्वतःची सोसायटी आहे, तिथे सहकार कायद्याच्या कलम 79(अ) खालचे निर्देश लागू होतात. 2019 च्या सुधारणेनंतर तिथेही 51 टक्के सभासदांची संमती पुरते.

बिल्डरला काय मिळतं? जादा एफएसआय. भूखंडावर किती बांधकाम करता येईल, हे या निर्देशांकानं ठरतं. जुन्या रहिवाशांना घरं देऊन वर जे मजले उरतात, ते बिल्डर बाजारभावानं विकतो. म्हणूनच जिथे विक्रीचा दर जास्त, तिथे बिल्डर जास्त क्षेत्रफळ, चांगला कॉर्पस फंड आणि जास्त भाडं देऊ करतो.

समुद्र जवळ असल्यानं इथल्या बऱ्याच भूखंडांना किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे नियमही लागतात. अशा भागातला एफएसआय बरीच वर्षं 1991 च्या पातळीवर गोठवलेला होता. 2019 च्या अधिसूचनेनं ती अट काढली. त्यानंतर आधी न परवडणारे प्रकल्पही परवडू लागले.

रहिवाशांनाही पुनर्विकास हवाच आहे, हे 2012 मध्ये दिसलं होतं. तेव्हा शिवाजी पार्क परिसराला वारसा क्षेत्राच्या यादीत घेण्याचा प्रस्ताव आला आणि अनेक रहिवाशांनी त्याला विरोध केला. वारसा दर्जा मिळाला तर पुनर्विकास अडकेल, ही भीती त्यामागे होती.

किंमत नेमकी कशाची?

साधारण 28 एकरांचं मोकळं मैदान ही यातली सगळ्यात मोठी गोष्ट. मुंबईत खिडकीसमोर दुसरी खिडकी नसणं ही चैन आहे. मैदानाभोवतीचा कट्टा सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे तिथे ज्येष्ठ नागरिक चालतात, संध्याकाळी कॉलेजची मुलं बसतात. आत नेट लावून क्रिकेट चालतं, समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब होतो. बालमोहनसारखी शाळा आणि हिंदुजा हॉस्पिटल जवळच. आस्वाद आणि प्रकाश ही मराठी खाण्याची ठिकाणंही हाकेच्या अंतरावर. दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वे दोन्ही मिळतात, आणि 2025 पासून मेट्रो 3 सुद्धा.

इथल्या घराचं मोल सचिन तेंडुलकरच्या गोष्टीतही दिसतं. वांद्र्याला राहणारा सचिन रमाकांत आचरेकर सरांकडे सराव करता यावा म्हणून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला आला. जवळ नातेवाइकांचं घर होतं, म्हणून ते जमलं.

राहण्याचे त्रासही आहेत. मैदानातली लाल माती उडून घरात येते, ही रहिवाशांची जुनी तक्रार. 1966 पासून शिवसेनेचा दसरा मेळावा इथे होतो. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांसाठी हेच मैदान मुक्कामाचं आणि पुस्तकांच्या स्टॉलचं ठिकाण असतं. शहरासाठी हे सार्वजनिक मैदान आहे, तर समोर राहणाऱ्यांना ते आपलं अंगण वाटतं. या ओढाताणीतूनच 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला.

घर मिळालं, पण टिकेल का?

नव्या टॉवरमध्ये 700 चौरस फुटांचं घर मोफत मिळालं, असं समजू. आधी भाडं काही शे रुपये होतं. आता लिफ्ट, जनरेटर, सुरक्षारक्षक, जिम, कदाचित पोहण्याचा तलावही. मेंटेनन्स चौरस फुटाला 15 रुपये धरला तर महिन्याला 10 हजार 500 रुपये. पेन्शनवर जगणाऱ्या जोडप्याला हा खर्च जाणवतो. कॉर्पसच्या व्याजातून तो भागेल असं सांगितलं जातं, पण मेंटेनन्स दर काही वर्षांनी वाढतो आणि कॉर्पस तेवढाच राहतो.

त्याहून मोठा प्रश्न वारसांचा आहे. 700 चौरस फुटांचं घर 60 हजारांच्या दरानं झालं 4 कोटी 20 लाखांचं. वारस तीन भावंडं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला 1 कोटी 40 लाख, कर आणि खर्च सोडून. एकानं बाकीच्या दोघांना पैसे देऊन घर ठेवायचं तर त्याला 2 कोटी 80 लाख उभे करावे लागतील. ते जमलं नाही की घर विकलं जातं. आणि 1 कोटी 40 लाखांत शिवाजी पार्कात येतं जेमतेम 233 चौरस फूट. म्हणून तिघंही ठाणे, डोंबिवली किंवा पुण्याचा रस्ता धरतात.

जुनी इमारत मोडकळीला आलेली होती, पण भाडेहक्काचे सहज तुकडे पडत नव्हते, म्हणून कुटुंब एका जागी राहिलं. नव्या घराला बाजारभाव मिळाला आणि त्याबरोबर वाटणीही आली.

सही करण्याआधी काय विचारावं?

पुनर्विकासाच्या बैठकीत सगळी चर्चा बहुतेक वेळा 'किती फूट जास्त मिळणार' यावर होते. त्याआधी काही प्रश्न विचारायला हवेत. ताबा मिळाल्यावर मेंटेनन्स किती असेल आणि जुन्या रहिवाशांना वेगळा दर मिळेल का? कॉर्पस कोणाच्या खात्यात आणि कधी जमा होणार? काम रखडलं तर भाडं कोण देणार आणि त्यासाठी बँक गॅरंटी आहे का? पर्यायी घराचा करार प्रत्येकाच्या नावे नोंदणीकृत होणार का? प्रकल्पाची महारेरावर नोंदणी कधी होणार?

आणि एक प्रश्न घरातल्या घरात विचारायचा आहे: हे घर पुढे कोणाचं? आई-वडील हयात असताना, मृत्युपत्र करून त्याचं उत्तर ठरवलं, तर निदान भावंडांपैकी एकाला तरी संध्याकाळी कट्ट्यावर चालत जाता येईल. नाहीतर तोही दादर स्टेशनवर उतरून पाहुण्यासारखा येईल.