पत्र्याची पेटी आणि रंगाआधीचे काम

आपल्या बहुतेक घरांत एक पत्र्याची पेटी असतेच. गावाहून शहरात आलेल्या माणसाने कपाट नंतर घेतले, पेटी आधी घेतली. या पेटीत कपडे असतात, भांडी असतात. आणि सर्वांत खाली, पिशवीत गुंडाळलेले घरचे कागद असतात. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, सातबाराचा उतारा, नोकरीचा हुकूम, पेन्शनचे कागद. अनुसूचित जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना १० ऑगस्ट १९५० रोजीचा वा त्यापूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबांच्या शाळेतल्या नोंदीचा पिवळा पडलेला कागद हाच कित्येक घरांत तो पुरावा असतो. तो भिजला, गंजाच्या डागाने खाल्ला, तर नातवाचा प्रवेश अडतो.

सामाजिक कामाच्या निमित्ताने आम्ही अनेकांचे अर्ज भरून देतो. त्या वेळी पेट्या उघडाव्या लागतात. वरून हिरवा-निळा रंग, फुलांची नक्षी. पण तळाला हात लावला की तांबडा भुगा हाताला लागतो. असे का होते? रंग कमी पडला म्हणून क्वचितच. बहुधा रंगाच्या आधीचे काम झालेले नसते म्हणून. हे काम घरच्या घरी, एखाद्या रविवारी, थोड्या खर्चात करता येते. नवी पेटी बिनरंगाची करून घेऊन स्वतः रंगवणाऱ्यांसाठी आणि जुनी पेटी नीट करू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पत्र्याचे मांडणीचे फळे, दुकानाची पाटी, सायकलचा मडगार्ड यांनाही हीच रीत लागू पडते.

पत्रा ओळखा

प्रथम पत्रा कोणता ते पाहावे. गुळगुळीत, राखाडी, हाताला तेलकट लागणारा तो सी.आर. पत्रा. पेट्या, कपाटे याचीच होतात. २२ गेजचा पत्रा सुमारे पाऊण मिलिमीटर जाड असतो. घरगुती पेटीला तो पुरतो. काळसर, निळसर खपली असलेला तो काळा पत्रा. कारखान्यात तापलेल्या लोखंडावर ही खपली धरते. ती घट्ट वाटते, पण पुढे सुटते आणि वरचा रंग घेऊन पडते. म्हणून ती घासून काढावी लागते. चंदेरी, अंगावर फुलांसारख्या चकत्या दिसणारा तो जस्ती पत्रा. त्याची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे सांगू. लोहचुंबक तिन्हींना चिकटतो, त्यामुळे त्याने ओळख पटत नाही.

गंज का धरतो

लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र मिळाला की गंज होतो. त्यात मीठ असेल तर काम झपाट्याने होते. म्हणूनच मुंबईत व कोकणपट्टीत खाऱ्या हवेने पत्रा लवकर जातो. आपल्या हाताच्या घामातही मीठ असते. स्वच्छ पत्र्यावर उघड्या हाताचा पंजा ठेवावा आणि चार दिवस दमट हवेत राहू द्यावा. बोटांचे ठसे तांबडे उमटलेले दिसतील. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे रंगाखाली थोडा जरी राहिला तरी तो फुगतो, रंगाला फोड येतात, पोपडे सुटतात आणि पाण्याला नवी वाट मिळते. रंग गंजाला मारत नाही, केवळ झाकतो.

आधी तेल, मग घासणी

येथे क्रम फार महत्त्वाचा आहे. नव्या पत्र्यावर गंज धरू नये म्हणून कारखान्यातच तेल लावलेले असते. ते न काढता पॉलिश पेपर फिरवला तर तेल चरांत चोळले जाते आणि मग निघत नाही. म्हणून आधी तेल काढावे. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावे आणि लगेच दुसऱ्या कोरड्या, स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावे. एकच फडके फिरवत राहिल्यास तेल निघत नाही, फक्त पसरते. त्यानंतर कपडे धुण्याच्या पावडरीच्या कोमट पाण्याने धुऊन, भरपूर साध्या पाण्याने खळबळावे.

तेल गेले की नाही याची परीक्षा सोपी आहे. पत्र्यावर पाणी ओतावे. पाणी सलग पसरले तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन पाणी सरकले तर तेल शिल्लक आहे, पुन्हा धुवावे. लगेच कोरडे पुसून उन्हात ठेवावे. ओला पत्रा तसाच राहिला तर घटकाभरातच तांबूस झाक येते.

आता घासणी. आधी कानशीने सर्व धारदार काठ थोडे गोलसर करावेत. यामागे कारण आहे. ओला रंग धारेवरून दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि नेमका काठावर पातळ राहतो. पेटीचा गंज बहुधा काठावरून, रिबिटांवरून आणि दुमडीतून सुरू होतो तो यामुळेच. मग १२० नंबरचा आणि त्यावर १८० नंबरचा पॉलिश पेपर सगळीकडे फिरवावा. चकाकी जाऊन पत्रा एकसारखा मंद दिसला पाहिजे. अशा खरखरीत अंगावरच रंग पकड घेतो. घासून झाल्यावर धूळ झटकून, टर्पेंटाइनच्या स्वच्छ फडक्याने एकदा पुसावे. यानंतर उघडा हात लावू नये.

गंज असलेल्या जागी तारेचा ब्रश वापरावा. खोल खड्ड्यांतला गंज निघत नसेल तर फॉस्फरिक आम्लाचे गंज काढण्याचे औषध हार्डवेअरच्या दुकानात मिळते. हातात रबरी मोजे व डोळ्यांवर चष्मा घालूनच ते लावावे आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन वाळवावे. संडास-मोरी धुण्याचे ॲसिड मात्र चुकूनही वापरू नये. त्याने गंज झटकन जातो हे खरे, पण त्याचा क्षार पत्र्याच्या फटीत राहतो आणि रंगाखाली पुन्हा दुप्पट जोमाने गंज धरतो.

अस्तराचा हात

स्वच्छ पत्रा फार वेळ उघडा ठेवू नये. सकाळी घासला तर दुपारपर्यंत प्रायमरचा पहिला हात झालाच पाहिजे. साध्या पत्र्याला रेड ऑक्साइड मेटल प्रायमर चांगला. डबा तळापासून ढवळावा. खाली बसलेला गाळ हाच खरा माल असतो. आधी काठ, कोपरे, रिबिटे, बिजागऱ्यांच्या जागा यांना लहान ब्रशने एक हात द्यावा, मग सगळीकडे पातळ हात मारावा. वाळल्यावर, डब्यावर दिलेली मुदत पाळून, दुसरा हात. पोचा असेल तर पहिल्या हातानंतर लांबी भरून घासून घ्यावी. आतली बाजू आणि तळाची बाहेरची बाजू यांना आळस करू नये. ओल तेथूनच येते.

प्रायमर म्हणजे शेवटचा रंग नव्हे. तो काहीसा सच्छिद्र असतो. नुसता प्रायमर मारून पेटी पावसाळाभर ठेवली तर आतून गंज धरतो.

जस्ती पत्र्यावर साधा तेलरंग थेट लावू नये. तेलातील आम्ल आणि जस्त यांचा साबण तयार होतो आणि काही महिन्यांत रंग सालीसारखा सोलून निघतो. त्यासाठी जस्ती पत्र्याकरिता म्हणून मिळणारा प्रायमर घ्यावा. घासणीही हलकी असावी, नाहीतर जस्ताचा थरच जाईल.

रंग आणि हिशेब

प्रायमर पूर्ण वाळल्यावर ३२० नंबरचा पेपर हलका फिरवावा, पुसावे आणि एनॅमलचे दोन पातळ हात द्यावेत. एक जाड हात देण्याचा मोह टाळावा. जाड रंग वरून सुकतो, आतून ओला राहतो. सुरकुत्या पडतात, ओघळ येतात. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी. पावसाळी दमट दिवशी हे काम काढूच नये. थंड पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारी ओल असते. तेलरंगावर एन.सी. रंग मारू नये. त्याचे थिनर खालचा रंग उचलते.

किती रंग लागेल? ७५ सें.मी. लांब, ४५ रुंद आणि ३० उंच अशा पेटीचे बाहेरचे अंग सुमारे १.४ चौरस मीटर. आतले धरून २.८. ब्रशने एका लिटरमध्ये साधारण आठ ते दहा चौरस मीटर होते. दोन हातांना ५.६ चौरस मीटर, म्हणजे पाऊण लिटरच्या आत. एक लिटर प्रायमर आणि एक लिटर एनॅमल यांत काम होऊन थोडे उरते. दोन शेजाऱ्यांनी मिळून माल घेतला तर ब्रश व टर्पेंटाइनचा खर्च विभागतो.

जीव आधी

येथे आमची कळकळीची विनंती आहे. जुनी रंगवलेली पेटी कोरडी घासू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. पाणी लावून पेपर घासावा, चिखल कागदात गोळा करावा, मुलांना व गरोदर भगिनींना दूर ठेवावे. २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये. १ नोव्हेंबर २०१७ पासून हे बंधन लागू आहे आणि डब्यावर तसे छापलेले असले पाहिजे. सुटा, बिनलेबलाचा रंग स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. शेंदरी शिशाचा प्रायमर आणि रेड ऑक्साइड दिसायला सारखे असतात. पहिला विषारी, दुसरा लोखंडाच्या ऑक्साइडचा. पिवळ्या झिंक क्रोमेट प्रायमरमधील क्रोमियम कर्करोगाला कारण ठरते. घरात तो नकोच.

एका खोलीच्या घरात रंगकाम आत करू नये. अंगणात, गच्चीवर, गॅलरीत करावे. जवळ शेगडी, उदबत्ती, विडी नको. भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. उघडी पसरून वाळवावीत. आपले कितीतरी तरुण गॅरेज व वर्कशॉपमध्ये स्प्रे मारण्याचे काम करतात. नाकाला बांधलेला रुमाल रंगाची वाफ अडवत नाही. वाफेसाठीचा, कार्ट्रिज असलेला मास्क मालकाकडे मागणे हा त्यांचा हक्क आहे, उपकार नव्हे.

पेटी भरण्यापूर्वी

रंगवलेली पेटी लगेच भरू नये. तेलरंगाची वाफ कागदाला पिवळा पाडते. वास पूर्ण जाईपर्यंत, तीन-चार आठवडे, झाकण उघडे ठेवावे. कागद जाड फाइलीत घालावेत. पेटी थेट फरशीवर न ठेवता चार विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर ठेवावी, भिंतीपासून चार बोटे दूर. दरवर्षी मेमध्ये, पावसाच्या आधी, ती उपसून तळ आणि दुमडी पाहाव्यात. कोठे टिकली एवढा गंज दिसला तर तेवढीच जागा घासून प्रायमर व रंग लावावा. तासाभराचे काम आहे. त्याच दिवशी कागदांची यादी करावी आणि महत्त्वाच्या कागदांच्या साक्षांकित प्रती दुसऱ्या घरी ठेवाव्यात. आणि घरातल्या सर्वांना, मुलींना विशेषतः, कोणता कागद कोठे आहे हे दाखवून ठेवावे.