ऑस्कर स्लेटरचा खटला : जुना निकाल आणि नवा पुरावा

शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉईल यांनीं प्रत्यक्ष जगांतील दोन प्रकरणांत न्यायासाठीं लेखणी झिजविली. पहिलें जॉर्ज एडलजी ह्या तरुण वकिलाचें. त्याचे वडील मूळचे मुंबईचे पारशी. ते ख्रिस्ती होऊन इंग्लंडांत धर्मोपदेशक झाले होते. जनावरास जखमी केल्याच्या आरोपावरून १९०३ सालीं जॉर्जला झालेली शिक्षा १९०७ सालीं माफ झाली, आणि त्याच वर्षीं इंग्लंडांत फौजदारी अपिलाचें न्यायालय स्थापन झालें. परंतु ह्या न्यायालयाची सत्ता स्कॉटलंडांत चालत नव्हती. तेथें ज्यूरीनें एकदां दोषी ठरविलें कीं अपील नाहीं. दुसऱ्या प्रकरणांतील सारा अनर्थ ह्याच उणिवेमुळें लांबला.

२१ डिसेंबर १९०८ रोजीं सायंकाळीं ग्लासगो शहरांत मॅरियन गिलख्रिस्ट ह्या ब्याऐंशी वर्षांच्या धनिक वृद्धेचा राहत्या घरीं खून झाला. हेलन लॅम्बी ही मोलकरीण वर्तमानपत्र आणण्यास सुमारें दहा मिनिटें बाहेर गेली होती. आवाज ऐकून खालचा शेजारी वर आला, इतक्यांत लॅम्बीही परतली. आणि दोघांच्या देखत एक मनुष्य आंतून शांतपणें बाहेर येऊन जिना उतरून पळाला. घरांत पुष्कळ दागिने होते. नाहींसा झाला तो केवळ एक हिऱ्यांचा ब्रूच. मात्र कागदपत्रांची पेटी फोडलेली होती. चोराला कागद कशाला हवे होते, हा प्रश्न पोलिसांना फारसा सुचला नाहीं.

त्यांना स्लेटर सांपडला. तो जर्मन ज्यू, जुगाराच्या अड्ड्यांत वावरणारा, नांवें बदलणारा. त्यानें हिऱ्यांचा एक ब्रूच गहाण ठेवला होता, आणि खुनानंतर पांच दिवसांनीं तो अमेरिकेस निघून गेला. पुढें असें आढळलें कीं तो ब्रूच खुनाच्या आधींच कांहीं आठवडे गहाण पडलेला होता व गिलख्रिस्टबाईंचा नव्हताच. तपासाचा हा धागा तेथेंच तुटला. तपास मात्र थांबला नाहीं. स्लेटर तर आपण होऊन अमेरिकेहून परत आला. ओळख पटविण्यापूर्वीं साक्षीदारांना त्याचें छायाचित्र दाखविण्यांत आलें होतें. अशा ओळखीची किंमत काय, तें सांगावयास नको.

मे १९०९ मध्यें एडिंबरो येथें खटला चालला. स्कॉटलंडांत ज्यूरी पंधरा जणांची, व त्या काळीं साधें बहुमत पुरेसें होतें. नऊ जणांनीं दोषी म्हटलें, एकानें निर्दोष, आणि पांच जणांनीं ‘आरोप सिद्ध नाहीं’ हा त्या काळचा खास स्कॉटिश निर्णय दिला. फांशीची तारीख ठरली. वीस हजारांवर लोकांनीं दयेच्या अर्जावर सह्या केल्या, आणि अवघे दोन दिवस उरले असतां फांशीऐवजीं जन्मठेप झाली. स्लेटरची रवानगी पीटरहेडच्या तुरुंगांत झाली.

१९१२ सालीं डॉईल यांनीं ह्या प्रकरणावर छोटें पुस्तक लिहिलें. परंतु खरा धीर दाखविला तो जॉन ट्रेंच ह्या ग्लासगोच्याच पोलीस अधिकाऱ्यानें. खुनाच्या रात्रींच लॅम्बीनें मृत स्त्रीच्या एका आप्ताजवळ दुसऱ्याच इसमाचें नांव घेतलें होतें, व तें न्यायालयापुढें येऊं दिलें नाहीं, असें त्यानें १९१४ सालीं सांगितलें. त्यावर चौकशी झाली, पण ती बंद दाराआड, साक्षीदारांना शपथ न देतां. निष्पन्न कांहीं झालें नाहीं; उलट ट्रेंचचीच नोकरी गेली. एवंच, ज्याला नवा पुरावा म्हणावयाचें तो त्याच्या म्हणण्याप्रमाणें पहिल्या दिवसापासून पोलिसांना ठाऊक होता. तो ऐकण्यास बांधलेलें न्यायालय तेवढें नव्हतें.

१९२५ सालीं सुटलेल्या एका कैद्यानें तोंडांत लपवून स्लेटरची चिठ्ठी डॉईलपर्यंत पोहोंचविली. १९२७ सालीं विल्यम पार्क ह्या पत्रकाराचें पुस्तक निघालें, आणि खुद्द लॅम्बीसह दोघी मुख्य साक्षीदार स्त्रिया आपल्या जुन्या साक्षींपासून ढळल्याचें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालें. त्या नोव्हेंबरांत स्लेटर सुटला. सुटका म्हणजे निर्दोषिता नव्हे. स्कॉटलंडांत फौजदारी अपिलाचा कायदा १९२६ सालीं झाला होता, परंतु तो जुन्या खटल्यांस लागू नव्हता. केवळ ह्या मनुष्याचें अपील ऐकतां यावें म्हणून पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करावा लागला.

२० जुलै १९२८ रोजीं शिक्षा रद्द झाली. मात्र नव्या पुराव्यानें नव्हे. लॅम्बी अमेरिकेहून आलीच नाहीं, आणि जो नवा पुरावा पुढें आला तो न्यायमूर्तींना पुरेसा वाटला नाहीं. त्यांनीं बोट ठेवलें तें मूळ न्यायाधीशांच्या ज्यूरीस केलेल्या उपदेशावर : असल्या चालीच्या मनुष्यास निर्दोषत्वाच्या गृहीतकाचा लाभ इतरांइतका मिळत नाहीं, अशा अर्थाचें तें विधान होतें. गंमत अशी कीं हा उपदेश विल्यम रफहेड यांनीं संपादिलेल्या खटल्याच्या वृत्तांतांत १९१० पासून छापलेला होता. कोणीही वाचावा. नव्या पुराव्यानें दार ठोठावलें. पण दार उघडल्यावर उपयोगी पडला तो जुनाच कागद.

भरपाई म्हणून स्लेटरला सहा हजार पौंड मिळाले, आणि अपिलाच्या खर्चावरून त्याचें व डॉईल यांचें बिनसलें; छळ सोसल्यानें मनुष्य गोड होतोच असें नाहीं. तो १९४८ सालीं वारला. जुने निकाल तपासून ते पुन्हां न्यायालयाकडे धाडणारें स्वतंत्र मंडळ स्कॉटलंडांत १९९९ सालीं स्थापन झालें. ट्रेंच १९१९ सालींच गेला होता. गिलख्रिस्टबाईंचा खुनी कोण, हें कोणत्याही न्यायालयांत कधींच सिद्ध झालें नाहीं.