पंचाहत्तर डॉलरमध्ये गूगलची सही

झॅकरी हॅरिस या अमेरिकी गणितज्ञाला गूगलमधून नोकरीबद्दल विचारणा करणारा ई-मेल आला. मेल बनावट असेल, असं वाटून त्याने आधी तो तपासला. मेल खरा होता, पण त्यावरची डिजिटल सही भलतीच कच्ची निघाली. ही हकिकत 2012 मध्ये उजेडात आली.

ई-मेल वाहून नेणारा एसएमटीपी हा 1982 सालचा नियमसंच. प्रेषकाच्या रकान्यात कोणी कोणाचंही नाव घातलं तरी त्याची हरकत नसते. यावर याहू आणि सिस्को यांच्या उपायांचा मेळ घालून 2007 मध्ये डीकेआयएम ही पद्धत ठरली. पाठवणारा सर्व्हर मजकूर, प्रेषक, विषय यांच्यावरून गुप्त किल्लीने सही तयार करतो. तिच्या जोडीची सार्वजनिक किल्ली डोमेनच्या डीएनएस नोंदींत, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत, सर्वांसाठी खुली असते. ती नेमकी कुठे आहे, हे सहीसोबतच्या डोमेनच्या आणि 'सिलेक्टर'च्या नावावरून कळतं. स्वीकारणारा सर्व्हर तिथली टीएक्सटी नोंद मागवतो आणि सही पडताळतो. वाटेत एखादा आकडा बदलला, तरी ताळा जुळत नाही. या नोंदी बदलण्याचा अधिकार डोमेनच्या मालकाचा. सगळी भिस्त त्यावरच.

गूगलची किल्ली होती फक्त 512 बिटांची. सार्वजनिक किल्लीतली अवाढव्य संख्या ज्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकारातून आलेली असते, त्या सापडल्या की गुप्त किल्ली हाती आलीच. अ‍ॅमेझॉनचे संगणक भाड्याने घेऊन अशी किल्ली सुमारे 72 तासांत, 75 डॉलरमध्ये फोडता येते, असं हॅरिसने सांगितलं. ही आपली परीक्षाच असावी, अशी त्याची समजूत! म्हणून त्याने गूगलच्या दोन संस्थापकांपैकी सर्गेई ब्रिन यांच्या नावाने थेट दुसऱ्याला, लॅरी पेज यांना, मेल धाडला. उत्तर आलं नाही. दोन दिवसांत किल्ली मात्र 2048 बिटांची झाली. पुढे 2018 च्या नियमाने 1024 बिटांहून लहान अशा, म्हणजे आरएसए प्रकारच्या, किल्लीची सही बादच ठरवली.

तरीही ही सही डोमेनची ग्वाही देते, माणसाच्या सचोटीची नव्हे. बँकेसारखं दिसणारं डोमेन विकत घेऊन ठगही अगदी रीतसर सही करू शकतो. शंका आली, तर संगणकावर जीमेलमध्ये तो मेल उघडा आणि तीन ठिपक्यांच्या यादीतून 'शो ओरिजिनल' निवडा. डीकेआयएमपुढे 'पास' दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. शेजारचं डोमेनचं नाव अक्षर न् अक्षर वाचा.