फोनला वीज कुणाची?

२८ मार्च १९७९. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, थ्री माइल आयलंड या नदीतल्या बेटावरच्या अणुवीज केंद्रात पहाटे चारला दोन नंबरची भट्टी बिघडली. सातच्या सुमारास केंद्राने आणीबाणी जाहीर केली आणि अणुऊर्जा नियामक आयोगाच्या किंग ऑफ प्रशिया इथल्या विभागीय कार्यालयाला फोन लावला. कार्यालय अजून उघडलं नव्हतं. पलीकडे होती निरोप घेणारी सेवा. त्या सेवेने ड्युटीवरच्या अधिकाऱ्याच्या घरी फोन केला, मग उपसंचालकांच्या घरी; दोघेही कामावर यायला निघाले होते. पावणेआठला कार्यालय उघडलं तेव्हा कुठे निरोप जागेवर पोचला. तोवर भट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग पाण्याबाहेर उघडा पडून वितळू लागला होता.

दोन दिवसांनी याहून भयंकर घोटाळा झाला. हेलिकॉप्टरने धुराड्याच्या थेट वर ताशी १,२०० मिलिरेम किरणोत्सर्ग मोजला. वॉशिंग्टनजवळ बसलेल्या एका अधिकाऱ्याने नेमका तेवढाच आकडा हिशेबाने काढला होता, पण तो जमिनीवरच्या वस्तीसाठीचा अंदाज होता. दोन्ही आकडे जुळले, आणि खातरजमा न होताच राज्याला लोक हलवण्याचा सल्ला गेला. गव्हर्नर डिक थॉर्नबर्ग यांना त्या सकाळी खरं काय ते समजायला धडपडावं लागलं. शेवटी अध्यक्ष कार्टर यांनी आयोगाचे अधिकारी हॅरॉल्ड डेंटन यांना आपला माणूस म्हणून घटनास्थळी धाडलं आणि व्हाइट हाउसच्या दूरसंचार पथकाने केंद्र, गव्हर्नर आणि वॉशिंग्टन यांच्यात खास लाइन टाकली.

या अपघाताबद्दल झडप, पंप आणि नियंत्रण कक्षातले दिवे यांवर पुष्कळ लिहिलं गेलं. फोनबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्याच वर्षी आयोगाने देशातल्या चालू अणुवीज केंद्रांत थेट फोन बसवले: रिसीव्हर उचलला की नंबर न फिरवता आयोगाच्या कक्षात घंटी वाजणार. हा कक्ष आज मेरिलँडमधल्या रॉकव्हिल इथे आहे. तिथे चोवीस तास एक ड्युटी अधिकारी बसलेला असतो. आणीबाणी जाहीर झाली की केंद्राने पंधरा मिनिटांत राज्य आणि स्थानिक प्रशासनाला कळवायचं, आणि त्यापाठोपाठ लगेच, फार तर तासाभरात, या अधिकाऱ्याला. बोलणं ध्वनिमुद्रित होतं. नियमातली एक अट मात्र थांबून वाचावी अशी आहे. आयोगाने मागणी केली तर केंद्राने ती लाइन अखंड उघडी ठेवायची. म्हणजे भट्टी बिघडलेली असताना नियंत्रण कक्षातला एक जाणता माणूस केवळ कानाला फोन लावून उभा राहणार. यंत्रासमोर प्रत्येक हात हवा असतो त्या घटकेला एक हात बोलण्यासाठी राखून ठेवणं, हा निर्णय थ्री माइल आयलंडने शिकवला.

फोन बसवून जेमतेम वर्ष झालं आणि जून १९८० मध्ये आयोगाला सगळ्या केंद्रांना तातडीचं पत्र पाठवावं लागलं. बाहेरून येणारी वीज गेली की हा फोनही मुका होऊ शकतो, असं उघडकीस आलं होतं. तार ठीक होती, पलीकडचा अधिकारी जागेवर होता. पण तारेच्या अलीकडच्या टोकाला जे उपकरण होतं ते केंद्रातल्या साध्या विजेवर चाललेलं. वीज गेल्याची बातमी ज्याने द्यायची, तो विजेबरोबरच जायचा! केंद्रांना सांगण्यात आलं की हे उपकरण बॅटरी आणि इन्व्हर्टरचा आधार असलेल्या सुरक्षा यंत्रणेच्या विजेवर घ्या.

पुढच्या चाळीसपेक्षा जास्त वर्षांत या फोनचं जे जे नूतनीकरण झालं, त्याचा खरा इतिहास या एका प्रश्नात आहे: फोनला वीज कुणाची?

लोडशेडिंगच्या काळात वाढलेल्या मराठी माणसाला याचं उत्तर अनुभवाने ठाऊक आहे. लाइट गेली तरी काळा डबा फोन चालू असायचा, कारण त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज घरातून येत नसे, एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांकडून तांब्याच्या तारेतूनच येत असे. संदेश आणि वीज एकाच जोडतारेवर. विसाव्या शतकाने केलेल्या सर्वांत शहाण्या योजनांपैकी ही एक आहे, आणि आपण ती जगभर उखडून टाकत आहोत.

तांब्याचेही शत्रू होतेच. २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू चक्रीवादळ फ्लोरिडातल्या टर्की पॉइंट केंद्रावरून गेलं. भट्ट्या आधीच बंद केल्या होत्या, ते बरं झालं. कारण बाहेरची वीज पाच दिवसांहून जास्त काळ नव्हती आणि सुमारे चार तास केंद्राचा बाहेरच्या जगाशी कसलाही संपर्क नव्हता. जपानात १६ जुलै २००७ च्या भूकंपात काशिवाझाकी-कारिवा केंद्रातला ट्रान्सफॉर्मर पेटला. अग्निशमन दलाची थेट लाइन ज्या खोलीत होती तिचं दार भूकंपाने वाकून अडकलं. फोनला काही झालं नव्हतं, माणूस त्याच्यापर्यंत पोचू शकला नाही. आग विझायला दोन तासांच्या आसपास लागले. त्या एका दाराने जपानी अणुउद्योगाला धक्के सोसणाऱ्या स्वतंत्र इमारती बांधायला लावल्या. फुकुशिमा दाइइची इथली तशी इमारत २०१० मध्ये वापरात आली. त्सुनामीच्या आदल्या वर्षी.

११ मार्च २०११ च्या त्या त्सुनामीत जनित्रं बुडाली. इमारत मात्र उभी राहिली, तिथून टोकियोशी व्हिडिओवर बोलणं चालू राहिलं. आतल्या आत मात्र मुकेपणा पसरला. कर्मचाऱ्यांच्या खिशातले पीएचएस जातीचे बिनतारी फोन त्यांच्या यंत्रणेच्या बॅटऱ्या संपताच बंद पडले. ध्वनिक्षेपक गेले. नियंत्रण कक्ष आणि आणीबाणी कक्ष यांच्यात जुनी तारेची हॉटलाइन तेवढी उरली. केंद्रापासून पाच किलोमीटरवरचं, अशा वेळेसाठीच बांधलेलं सरकारी केंद्रही वीज आणि संपर्क हरवून बसलं.

याची किंमत पाहायची तर १२ मार्चची सकाळ पाहावी. एक नंबरच्या भट्टीच्या आवरणातला दाब सोडायचा होता. झडपा हाताने उघडाव्या लागणार होत्या. अंधाऱ्या, किरणोत्सर्गाने भरलेल्या इमारतीत जायला दोन-दोन माणसांची तीन पथकं तयार झाली. आत गेलेल्यांशी बोलण्याचं काहीच साधन नसल्याने एका वेळी एकच पथक पाठवायचं ठरलं: पहिलं परत आलं की दुसरं निघणार. पहिल्याने आपली झडप पाव उघडली आणि ते परतलं. दुसऱ्याला किरणोत्सर्ग इतका लागला की अर्ध्या वाटेतून फिरावं लागलं. तिसरं गेलंच नाही. त्या माणसांच्या धैर्याबद्दल कितीही लिहिलं तरी थोडं. पण एक चालू बिनतारी संच त्यांच्या हाती असता तर तो सकाळचा वेळ वाचला असता, हेही लिहायलाच हवं.

१२ मार्च २०१२ रोजी अमेरिकी आयोगाने आपल्या सर्व केंद्रांना विचारलं: सगळी वीज गेली, परिसरातली दूरसंचार यंत्रणा उद्ध्वस्त झाली, तर तुम्ही कुणाशी आणि कशावर बोलाल? केंद्रांनी उपग्रह फोन घेतले, बॅटऱ्या वाढवल्या. इथून पुढच्या अडचणींना मात्र अंत दिसत नाही.

उपग्रह फोनला आकाश दिसावं लागतं आणि नियंत्रण कक्ष जाड काँक्रीटच्या आत असतो; म्हणून अँटेना छतावर न्यायची, ती वादळात टिकवायची, तिची केबल आत आणताना हवाबंद भिंतीला पाडलेलं भोक पुन्हा बंद करायचं. बिनतारी संच सर्रास वापरावेत, तर जवळच्या रेडिओ लहरींनी जुनी संवेदनशील उपकरणं चळतात, असं आयोगाने १९८३ मध्येच केंद्रांना कळवलं होतं. दूरध्वनी कंपन्या तांबं मोडीत काढत आहेत, त्यामुळे जुनी लाइन जपायची म्हटली तरी ती जपणारं कुणी उरत नाही. तांब्याच्या जागी येतो इंटरनेटवरून बोलणारा फोन; त्याच्या वाटेवरचा प्रत्येक राउटर आणि प्रत्येक स्विच आपापल्या विजेवर, आपापल्या बॅटरीवर उभा. अमेरिकेत अशा घरगुती सेवेबाबत २०१५ मध्ये नियम झाला तो ग्राहकाला आठ तासांची, पुढे चोवीस तासांची बॅटरी देऊ करण्याचा, तीही ग्राहकाच्या खर्चाने. फुकुशिमात बाहेरची वीज परतायला दिवस लागले होते. शिवाय इंटरनेटशी जोडलेलं काहीही म्हटलं की सायबर सुरक्षेचे कडक नियम आडवे येतात, आणि ते योग्यच आहे. या सगळ्यात जुना फोन एक क्षणही बंद ठेवता येत नाही. नवा बसवायचा, दोन्ही चालवून पाहायचे, पाळीवरच्या प्रत्येकाला शिकवायचं, मगच जुन्याची तार तोडायची. अमेरिकी संघराज्य सरकारची दूरसंचार कंत्राटं तर दर दहाएक वर्षांनी बदलतात. एफटीएस २०००, एफटीएस २००१, नेटवर्क्स, ईआयएस ही त्यांची एकामागून एक आलेली नावं. नियामकाच्या लाइनची व्यवस्थाही त्यांच्याबरोबर पुन्हा पुन्हा नव्याने लावावी लागते.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या, फुकुशिमाच्या एक नंबरसारख्याच जनरल इलेक्ट्रिकच्या उकळत्या पाण्याच्या घराण्यातल्या. जैतापूरला १,७३० मेगावॉटच्या सहा भट्ट्या बेतलेल्या आहेत. आपल्याकडच्या नियमांनुसार केंद्राबाहेरच्या गावांना सामील करून घेणारा आणीबाणीचा सराव दर दोन वर्षांनी होतो. त्या सरावात मुख्य वीज खरोखर तोडावी, मोबाइल बाजूला ठेवावेत, आणि पहिला निरोप जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत व मुंबईपर्यंत किती मिनिटांत पोचला ते जाहीर करावं. पालघर आणि रत्नागिरीच्या लोकप्रतिनिधींनी एवढी एकच मागणी लावून धरली तरी पुरे.