गव्हाणी रिकामी असते तेव्हा

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी आम्ही सात-आठ जणी चर्चच्या मागच्या ओट्यावर बसलो होतो. मध्ये सायकलच्या चाकाची जुनी रिंग. तिच्यावर आधी काथ्या गुंडाळायचा, घट्ट, म्हणजे पुढे खोवलेले डहाळे घसरत नाहीत. मग मोरपंखीच्या फांद्या, एकीच्या देठावर दुसरीचा शेंडा येईल अशा, सगळ्या एकाच दिशेने. पानं सुकली तरी हिरवी दिसावीत म्हणून मोरपंखी. युरोपात यासाठी सूचिपर्णी झाडांचे डहाळे वापरतात. वसईत जे अंगणात आहे त्याचं कडं होतं.

या कड्यावर चार मेणबत्त्या बसतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या, चार रविवारी एकेक पेटवायची. आज जगभर दिसणाऱ्या या कड्याची सुरुवात जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये झाली असं मानतात. योहान हिन्रिश विखर्न हे प्रोटेस्टंट पाद्री तिथे निराधार मुलांचं घर चालवत. ‘नाताळ कधी?’ असं मुलं रोज विचारत, म्हणून 1839 मध्ये त्यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजची छोटी आणि रविवारची मोठी. म्हणजे मुळात हे दिवस मोजायचं साधन. कॅथलिक चर्चमध्ये ते बरंच नंतर आलं, पण आता त्याच्याशिवाय आगमनकाळ सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

जांभळ्या मेणबत्त्या बाजारात मिळतातच असं नाही. त्या वर्षी मिळाल्या नाहीत. पांढऱ्या जाड मेणबत्त्या आणून बुडापाशी जांभळी रिबन बांधली. रिबन ज्योतीपासून लांब राहिली पाहिजे, आणि पहिली मेणबत्ती सर्वांत जास्त दिवस जळते, म्हणून रिबन अगदी खाली. चौथ्या रविवारी कड्याकडे पाहिलं की एक जिना दिसतो. पहिली वितभरही उरलेली नसते आणि चौथी नवीकोरी असते. कुठल्या मेणबत्तीने किती वाट पाहिली ते नुसत्या उंचीवरून कळतं.

कडं वेदीच्या बाजूला ठेवलं आणि मी नेहमीच्या सवयीने फुलदाण्या काढायला गेले. फुलांची जबाबदारी सांभाळणाऱ्या आत्यांनी हात धरला. म्हणाल्या, “आता नको. नाताळच्या रात्री.”

हे आमच्या भागात सोपं नाही. वसईच्या पश्चिम पट्ट्यात फुलं हा पिढ्यांचा व्यवसाय आहे. तगरीच्या कळ्या, जास्वंद, चाफा, मोगरा ज्याच्या त्याच्या मोसमात तोडून पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात जातात. ज्यांच्या टोपल्यांतून मुंबईभरची देवघरं सजतात, त्यांच्याच चर्चची वेदी या दिवसांत जवळजवळ साधी राहते. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतच सांगितलं आहे की, आगमनकाळात वेदीवरची फुलं बेताची असावीत आणि वाद्यंही संयमाने वाजवावीत, म्हणजे जन्मोत्सवाचा पूर्ण आनंद आधीच खर्च होणार नाही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. ज्याच्याकडे फुलंच नाहीत त्याने फुलं न ठेवणं आणि ज्याच्या वाडीत ती रोज उमलतात त्याने न ठेवणं, यात फरक आहे.

फुलांपेक्षाही कठीण आहे ते गाणं थोपवून धरणं. मी गायनमंडळात आहे, त्यामुळे हे मला घशातून माहीत आहे. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, पश्चात्तापाच्या प्रार्थनेनंतर लगेच ‘ग्लोरिया’ येतो, म्हणजे देवाच्या गौरवाचं ते जुनं स्तोत्र. उपासकाळ सोडला तर वर्षभर आम्ही तो गातो. आगमनकाळाच्या रविवारी तो गायचा नाही. पश्चात्तापाची प्रार्थना संपली की सरळ त्या दिवसाची प्रार्थना. सांगायला सोपं आहे, पण शरीराला सवय असते. की-बोर्डवाल्या मुलाची बोटं आपोआप पहिल्या स्वराकडे जातात. एका वर्षी पहिल्याच रविवारी माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, मागच्या दोघींनी तो उचलला, आणि मग आम्ही तिघी गप्प झालो. त्या गप्प होण्यात जी जागा मोकळी राहिली, ती सगळ्या चर्चला ऐकू आली. मी लाजले होते. आता वाटतं, ती जागा ऐकू यावी हाच तर हेतू आहे.

कारण या स्तोत्राची सुरुवात बेथलेहेमच्या रात्री देवदूतांनी मेंढपाळांना ऐकवलेल्या गाण्याने होते. ते त्या रात्री नवं वाटायचं असेल तर त्याआधी थांबायला हवं. 8 डिसेंबरसारख्या मोठ्या सणाला अपवाद होतो, तेव्हा ग्लोरिया असतो. आणि आल्लेलूया, म्हणजे शुभवर्तमानाआधीचा जयघोष, तर आगमनकाळाच्या एकाही रविवारी थांबत नाही. हा बारकावा महत्त्वाचा आहे. जांभळी वस्त्रं पाहून अनेकांना हा ईस्टरआधीच्या उपासकाळासारखाच शोकाचा, प्रायश्चित्ताचा काळ वाटतो. उपासकाळात आल्लेलूयाही बंद होतो. आगमनकाळात घर झाडायचं असतं, सुतक पाळायचं नसतं.

मात्र सरावात ग्लोरिया रोज असतो. रात्री साडेआठला, घरोघरची रोजरी आटोपली की शाळेच्या एका वर्गात आम्ही जमतो. हार्मोनियम, तबला, की-बोर्ड. थंडीत गायकांचे गळे उतरलेले असतात. आधी येत्या रविवारची संथ गाणी, मग शेवटचा अर्धा तास ग्लोरिया. गायनमंडळाचे मास्तर खिडक्या लावून घ्यायला सांगतात. थंडीचं कारण देतात, पण माझा समज असा की तो सूर आधीच गावात पसरू नये असं त्यांना वाटतं. जे आम्हाला आत्ताच येतं, पाठ आहे, ते चर्चमध्ये 24 च्या रात्रीपर्यंत उच्चारायचं नाही. सराव करायचा आणि राखून ठेवायचं. गर्भारपणाशी याची तुलना आमच्यातल्या एका बाईने केली. मला ती पटली.

वाट पाहण्याचं हे काम मराठीला नवं नाही. 1579 मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातच राशोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा पहिला भाग, तब्बल 36 अध्याय, ख्रिस्तजन्माच्या आधीचा आहे. सृष्टीची उत्पत्ती, पतन, संदेष्टे, तारणाऱ्याचं वचन. ओवीत कथा ऐकायची सवय असलेल्या श्रोत्यांना स्टीफन्सनी जन्माच्या गोष्टीकडे घाईने नेलं नाही, एवढा मोठा पल्ला चालवलं. आगमनकाळाचा एवढा मोठा मराठी पाठ मला दुसरा माहीत नाही.

2025 चा आगमनकाळ 30 नोव्हेंबरला सुरू झाला. 30 नोव्हेंबर हा संत आंद्रेयाचा सण, आणि त्याच्या सर्वांत जवळचा रविवार हा पहिला रविवार. म्हणून हा काळ कधी 28 दिवस भरतो, कधी 22. 2023 मध्ये चौथा रविवार 24 डिसेंबरलाच आला, तेव्हा चौथी मेणबत्ती सकाळी पेटली आणि रात्री नाताळ. 2025 मध्ये आम्हाला 25 दिवस मिळाले. याच पहिल्या रविवारी चर्चचं उपासनावर्षही बदलतं. 2025 च्या आगमनकाळापासून मत्तयाच्या शुभवर्तमानाचं वर्ष सुरू झालं.

तिसऱ्या रविवारी, 14 डिसेंबरला, गुलाबी मेणबत्ती. त्या दिवशी फादरही गुलाबी वस्त्र घालतात, वाद्यं थोडी मोकळी होतात. यशयाचं वाचन माझ्याकडे होतं. उजाड वाळवंट फुलेल, असं त्यात आहे. मी आठवडाभर ते मोठ्याने वाचून पाहिलं. घाई केली की ते शुभेच्छापत्रासारखं वाटतं, फार रेंगाळलं तर नाटकी होतं. शेवटी अंगणात, आईसमोर, वालाच्या शेंगा निवडताना एकदा जमलं. त्याच दिवशीच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून येशूला विचारतो की, येणारा तो तूच की आम्ही आणखी कुणाची वाट पाहायची. ज्याने आयुष्यभर बोट दाखवलं त्यालाच शंका आली, हे चर्चने आनंदाच्या रविवारी वाचायला ठेवलं आहे. त्यावर फादरांनी फार भाष्य केलं नाही. बरं केलं.

17 तारखेपासून सूर बदलतो. तोवरच्या वाचनांत शेवटच्या आगमनाची चाहूल असते, आता पहिल्या आगमनाचे, जन्माच्या तयारीचे आठ दिवस. त्या दिवशी मत्तयाने दिलेली येशूची वंशावळ वाचतात, नावांमागून नावं. लहानपणी मी कंटाळायचे. आता त्यातल्या तामार, राहाब, रूथ या नावांशी थांबते, कारण ती परकी, अवघड आयुष्यं जगलेली माणसं आहेत आणि या यादीत त्यांना जागा आहे.

या आठवड्यात गावात एकीकडे कंदील लागतात, करंज्या तळल्या जातात, पापनिवेदनासाठी रांगा लागतात. गोठ्याच्या देखाव्यासाठी डब्यांत पेरलेली नाचणी बोटभर वर येते. त्या हिरव्या शेतात मरिया, योसेफ, बैल, गाढव सगळे मांडले जातात. मधली गव्हाणी तेवढी रिकामी. लहान मुलं येऊन आत डोकावतात आणि ‘अजून नाही आला’ असं एकमेकांना सांगतात.

24 च्या रात्री पश्चात्तापाची प्रार्थना संपली. मास्तरांनी मान हलवली, घंटा वाजल्या आणि आम्ही गायला लागलो. फुलदाण्यांत तगर, शेवंती, जास्वंद, आमच्याच वाड्यांतली. बाळाची मूर्ती गव्हाणीत ठेवली होती. चौथ्या मेणबत्तीचं अजून बोटभरही मेण उतरलं नव्हतं.

पुढचा आगमनकाळ 29 नोव्हेंबर 2026 ला सुरू होईल. नाताळला ख्रिस्ती मित्रांकडे तुम्ही जातच असाल. या वेळी त्याआधीच्या एखाद्या रविवारी त्यांच्यासोबत सकाळच्या मिस्सेला या, गव्हाणी रिकामी असते तेव्हा.