दारूखाना ते शिवडी

मुंबईची पूर्व किनारपट्टी कॅमेऱ्यात टिपायची तर दुपार कलल्यावर निघावे. समुद्राकडे तोंड केले की ऊन पाठीशी येते आणि जहाजांच्या गंजलेल्या अंगावर नेमके पडते. दारूखान्यात जुनी जहाजे वर्षानुवर्षे गॅस कटरने कापली जात आली. दुकानांपुढे नांगर, साखळदंड, जाड दोरखंड यांचे ढीग दिसतात. कामगाराचा फोटो काढण्याआधी त्याला विचारावे, एवढे सौजन्य हवेच. शिवडीला चित्र पालटते. हिवाळ्यात ओहोटी असेल तर चिखलात रोहित पक्षी आणि मागे जानेवारी २०२४मध्ये खुला झालेला अटल सेतू, एकाच चौकटीत! याच किनारपट्टीवर १८८०चा प्रिन्सेस डॉक आहे. गोदीच्या आवारात परवानगीशिवाय छायाचित्रे काढता येत नाहीत.