माळ्यावरची साहेबी भुते

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी पहिली संक्रांत येते ती माळ्यावर. यंदाही आली. सौ. शिडीवर, मी खाली शिडी धरून उभा, आणि वरून एकेक वस्तू “ठेवायची की टाकायची?” या सवालासकट माझ्या हातात उतरत होती. आजोबांचा कंदील राहिला, फुटकी गुलाबदाणी गेली. शेवटी एक जड खोके खाली आले.

“अहो, ही तुमची साहेबी भुते. यांचं काय करायचं?”

खोक्यात होत्या चित्रपटांच्या तबकड्या. जुने ब्रिटिश भयपट आणि खुनाचे रहस्यपट. तेही हिचकॉकसारख्या नामवंताचे नव्हेत, तर बहुतेक असे की ज्यांची नावे खुद्द लंडनच्या माणसालाही आठवू नयेत. वर्गात ओव्या-अभंग शिकवणाऱ्या माणसाला हा नाद शोभतो काय, असे वाचक विचारतील. खरे सांगायचे तर नाद लागला तो अपघातानेच. लंडनला नोकरी करणाऱ्या भाच्याने एकदा सुट्टीवर येताना मामासाठी चार तबकड्या आणल्या. त्या आमच्या यंत्रावर चालेनात! चित्रपटवाल्यांनी जगाची वाटणी करून ठेवली आहे, हे तेव्हा कळले. डीव्हीडीच्या हिशेबात इंग्लंड दुसऱ्या विभागात, तर भारत पाचव्यात. ब्लू-रेच्या हिशेबात ते ‘बी’त आणि आपण ‘सी’त. सारे विभाग पचवणारे यंत्र मिळेपर्यंत भुते बाटलीतच राहिली.

आधी नांदी, मग खून

पहिली तबकडी लावली ती १९३५ सालच्या ‘मारिया मार्टेन’ची. सुरुवातच रंगभूमीवर. एक गृहस्थ पुढे येऊन पात्रांची ओळख करून देतात, आणि एकेक पात्र प्रेक्षकांसमोर येते. मी खुर्चीत ताठ झालो. हा तर आमचा सूत्रधार! नांदी तेवढी राहिली होती.

चित्रपटातला खलपुरुष टॉड स्लॉटर. ‘स्लॉटर’ म्हणजे कत्तल. आणि हे सिनेमासाठी घेतलेले नाव नव्हे, जन्माचे आडनाव! १८८५ मध्ये न्यूकॅसलला जन्मलेला हा नट मूळचा रंगभूमीवरचा. खून, शाप आणि अबलांचा छळ यांनी भरलेली जुनी नाटके गाजवीत तो पन्नाशीला आला आणि मग पडद्यावर गेला. मिशीखाली हसत, हात चोळत तो बळीकडे सरकतो, तेव्हा भीती वाटावी की टाळी द्यावी हेच कळत नाही. कथा मात्र कल्पित नव्हे. सफोक परगण्यातल्या पोलस्टेड गावी १८२७ साली विल्यम कॉर्डरने मारियाचा खून करून तिला लाल कोठारात पुरले. पुढल्याच वर्षी त्याला बरी सेंट एडमंड्स येथे भर गर्दीसमोर फाशी झाली. त्याच्या कातड्याने बांधलेले एक पुस्तक त्या गावच्या संग्रहालयात अजून आहे.

असले चित्रपट निघाले ते एका कायद्यामुळे. हॉलिवुडच्या लोंढ्यापुढे देशी धंदा टिकावा म्हणून १९२७ साली इंग्लंडने नियम केला, की चित्रगृहांनी आणि वितरकांनी ठरावीक हिस्सा ब्रिटिश चित्रपटांना दिलाच पाहिजे. अमेरिकन कंपन्यांनी पळवाट काढली. कायद्याचे पोट भरण्यापुरते स्वस्त आणि झटपट चित्रपट त्या इंग्लंडातच काढवून घेऊ लागल्या. ‘कोटा क्विकी’ असे त्यांना हिणवीत. दाखवायचे, विसरायचे, असा सगळा मामला. पण त्या उकिरड्यावर काही माणिकेही पडली होती, हे उमगायला पुष्कळ वर्षे जावी लागली. स्लॉटरचे १९३५ ते १९४० मधले आठ चित्रपट एका पेटीत निघाले ते २०२३ साली!

प्राग आणि शेपर्टन

दुसरी तबकडी ‘द घूल’ची, १९३३ सालची. नायक बोरिस कारलॉफ. हॉलिवुडात राक्षस म्हणून गाजलेला हा मूळचा लंडनचा माणूस या चित्रपटासाठी मायदेशी आला होता. त्याची आजी म्हणजे सयामच्या राजदरबारात शिक्षिका असलेल्या ॲना लिओनोवेन्सची सख्खी बहीण. आणि ॲनाचा जन्म १८३१ सालचा, आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा! हे वाचल्यापासून या राक्षसाविषयी मला शेजाऱ्यासारखी आपुलकी वाटू लागली आहे.

कथेत एक मरणोन्मुख पंडित इजिप्तचे रत्न हाताला बांधून स्वतःला पुरवून घेतो. रत्न चोरीला जाते, आणि मेलेला उठतो. चित्रपटाचे नशीबही नेमके तसेच निघाले. कित्येक वर्षे त्याची एकही प्रत कोणाला ठाऊक नव्हती. १९६९ च्या सुमारास प्रागच्या संग्रहात एक मळकट, कापाकापी झालेली, झेक अक्षरांनी भरलेली प्रत सापडली. पुढे १९८० नंतर लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओतल्या एका बंद पडलेल्या तळघरात मूळ निगेटिव्हच जसेच्या तसे हाती आले. २००३ मध्ये त्याची तबकडी निघाली. सत्तर वर्षांपूर्वीच्या सावल्या इतक्या लख्ख, की कारलॉफच्या कपाळावरची शीर न् शीर दिसावी.

असेच ‘सिम्प्टम्स’चे. १९७४ साली कान महोत्सवात ब्रिटनचा अधिकृत चित्रपट म्हणून गेलेला हा भयपट पुढे असा नाहीसा झाला, की २०१० मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने हरवलेल्या पंचाहत्तर चित्रपटांची जी यादी छापली, तीत त्याचे नाव आले. तोवर शौकिनांमध्ये धूसर व्हिडिओ-प्रती फिरत होत्या. मूळ निगेटिव्ह सापडले आणि २०१६ मध्ये त्याच संस्थेने चित्रपट पुन्हा घराघरांत पोचविला.

मंद होणारा दिवा

परंतु या खोक्यातली जी तबकडी मी कोणाला उसनी देत नाही, ती ‘गॅसलाइट’ची, १९४० सालची. दिग्दर्शक थोरोल्ड डिकिन्सन, मूळ नाटक पॅट्रिक हॅमिल्टनचे. लंडनमधले एक घर. तिथे पूर्वी एका म्हातारीचा माणकांसाठी खून झालेला. वर्षांनी त्याच घरात एक जोडपे राहायला येते. नवरा रोज संध्याकाळी बाहेर जातो, आणि थोड्या वेळाने खोलीतला दिवा मंद होतो. गॅसच्या दिव्यांचा तसा गुणच होता. घरात दुसरीकडे दिवा लागला की नळीतला दाब घटे आणि पहिली ज्योत उतरे. म्हणजे वरच्या बंद मजल्यावर कोणीतरी आहे! पण नवरा सांगतो, तसे काही नाही. तुला भास होतात. वस्तू तोच लपवतो आणि तिलाच विसरभोळी ठरवतो. या नावावरून इंग्रजीत एक क्रियापदच रूढ झाले, आणि २०२२ साली एका मोठ्या अमेरिकन कोशाने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडले.

खुद्द चित्रपटालाही असेच नाहीसे करण्याचा घाट घातला गेला होता. हॉलिवुडच्या एम.जी.एम.ने हक्क विकत घेऊन १९४४ मध्ये आपला ‘गॅसलाइट’ काढला. त्यात इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळाले. आणि जुन्याशी तुलना नको म्हणून ब्रिटिश चित्रपटाचे निगेटिव्ह व प्रती नष्ट करण्याची अट घालण्यात आली. डिकिन्सनने गुपचूप एक प्रत काढून ठेवली होती, असे सांगतात. २०१३ साली या चित्रपटाची स्वच्छ केलेली आवृत्ती ब्लू-रेवर आली.

हा चित्रपट मी पाहत होतो तेव्हा आई माळ घेऊन मागे बसली होती. इंग्रजी तिला येत नाही. तरी अर्ध्या तासाने ती म्हणाली, “अरे, हा तिला वेडी ठरवतोय.” मग शेवटपर्यंत तिने मणी ओढला नाही. दिवा लावल्यावरही ती जागची हलली नाही.

“तुझी थोरली काकू आठवते?” तिने विचारले.

आठवत होती. विसरभोळी काकू म्हणून आम्ही सारी मुले तिला हसत असू. तिच्या ट्रंकेच्या किल्ल्या हरवत, पैशांचा हिशेब चुके, आणि काका सगळ्यांसमोर कपाळाला हात लावीत. पुढे तिने स्वतःच कशालाही हात लावायचे सोडून दिले.

“किल्ल्या कोण हलवीत होतं, ते मी पाहिलं होतं,” आई म्हणाली. “धाकटी जाऊ मी. बोलले नाही.”

मी काय बोलणार? काकूला जाऊन वीस वर्षे झाली.

ठेवायचे की टाकायचे?

असल्या तबकड्या काढणाऱ्या कंपन्या काही फार मोठ्या नसतात. एडगर वॉलेसच्या नावाने १९६० ते १९६५ या काळात निघालेले तासा-तासाचे रहस्यपट ज्या कंपनीने हौसेने बाजारात आणले, ती नेटवर्क कंपनी २०२३ मध्ये बंद पडली. आपल्याकडे तर हिशेब आणखी दुःखाचा. १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, आज कुठेच उपलब्ध नाही; आणि २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची कितीतरी जुनी रिळे जळाली. कोणी तरी एक प्रत बाजूला ठेवली तरच वस्तू उरते. साक्षीदाराचेही तसेच असावे.

सौ. अजून शिडीवर उभी होती. मी काही बोलण्याआधीच आतून आईचा आवाज आला, “ते खोकं वर नको ठेवू गं. खालीच राहू दे, माझ्या कपाटात. त्यातला तो दिव्याचा सिनेमा भाऊबीजेला सगळ्या जमतील तेव्हा लावायचाय. या खेपेला काकूचं मीच सांगेन.”